हातात नसलेला माल आणि हलाल नफा
ऑनलाइन पुनर्विक्री सुरू करणाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ

गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी एका पत्राने आम्हाला बराच वेळ विचार करायला लावले. सांगली जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात की, पतीचा टेम्पो आजारपणामुळे दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी मोबाइलवरून कपड्यांची पुनर्विक्री सुरू केली. घाऊक व्यापाऱ्याने पाठविलेली छायाचित्रे त्या गल्लीतील आणि नात्यातील स्त्रियांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकत. व्यापाऱ्याच्या भावावर आपले शंभर-दीडशे रुपये चढवून किंमत सांगत. मागणी आली की पैसे घेत आणि मग व्यापाऱ्याला माल पाठवायला सांगत. सहा महिने घर त्यावर चालले. रमजान ईदच्या तोंडावर एका शेजारणीकडून त्यांनी मुलीच्या पोशाखाचे १,३५० रुपये घेतले. व्यापाऱ्याकडे तो माल संपला होता. त्याने ‘तसाच दुसरा’ पाठविला. ईदच्या सकाळी ती मुलगी जुन्याच कपड्यांत दिसली आणि शेजारणीने बोलणे टाकले. भगिनी विचारतात, “मी खोटे बोलले नाही, चोरी केली नाही. मग माझे काय चुकले? ही कमाई हलाल आहे की नाही? आणि नसेल, तर मी घर कसे चालवू?”

हा प्रश्न एका घरापुरता नाही. आज अनेक मुस्लिम घरांतील विद्यार्थी, गृहिणी आणि नोकरी गमावलेले पुरुष अशाच प्रकारे व्यापाराची पहिली पायरी चढत आहेत. म्हणून या पाठात आपण या व्यवसायाची रीत, तिच्याविषयी शरीअतचे मार्गदर्शन आणि आचरणात आणता येतील असे मार्ग क्रमाने पाहू.

व्यापार ही कमी प्रतीची उपजीविका नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. स्वस्तात घेऊन महाग विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गरजेचा फायदा घेणे, असे काही धर्मशील माणसांनाही वाटते. कुरआनने मात्र व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे (सूरह अल्-बकरह : २७५). परस्परांची संपत्ती अन्यायाने गिळंकृत करू नका, असे बजावताना परस्पर संमतीने होणाऱ्या व्यापाराला त्याने स्पष्टपणे वगळले आहे (सूरह अन्-निसा : २९). जुमाची नमाज संपल्यावर भूमीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्यास त्याने सांगितले आहे (सूरह अल्-जुमुआ : १०).

सहाबांची उदाहरणे तर प्रसिद्धच आहेत. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतील सर्व काही सोडून मदीनेत आले. त्यांचे अन्सारी बंधू ह. साद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप यांच्या छोट्या खरेदी-विक्रीतून त्यांनी सुरुवात केली. आजच्या भाषेत सांगायचे तर तेही भांडवल नसलेले नवशिके पुनर्विक्रेतेच होते.

नफ्याच्या प्रमाणाविषयीही एक बोलकी घटना सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. उर्वा बारिकी (रजि.) यांना एक बकरी आणण्यासाठी एक दीनार दिला. त्यांनी तेवढ्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक बकरी एका दीनारला विकली आणि एक दीनार व एक बकरी घेऊन ते परतले. प्रेषितांनी (स.) त्यांच्यावर रागावण्याऐवजी त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. यावरून विद्वान असा अर्थ काढतात की, शरीअतने नफ्याची टक्केवारी ठरवून दिलेली नाही. तिने ठरवून दिली आहे ती नफा मिळविण्याची रीत.

मूळ प्रश्न : जे तुमच्याजवळ नाही, ते विकू नका

ह. हकीम बिन हिजाम (रजि.) हे मक्केचे अनुभवी व्यापारी होते. त्यांनी प्रेषितांना (स.) जवळजवळ त्या भगिनीचाच प्रश्न विचारला होता. माणूस माझ्याकडे येतो, माझ्याजवळ नसलेली वस्तू मागतो; मी त्याला ती विकून मग बाजारातून आणून देऊ का? प्रेषितांनी (स.) त्यांना जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या रिवायतीत धान्य विकत घेणाऱ्याला ते ताब्यात येईपर्यंत पुढे विकू नये, असा आदेश आहे, ती बुखारी व मुस्लिम या दोन्हींत आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांचे मत असे होते की, हा नियम धान्यापुरता नसून प्रत्येक वस्तूला लागू आहे.

आणखी एका हदीसमध्ये, ज्या मालाची जोखीम आपल्यावर आलेली नाही त्याचा नफा घेण्यास मनाई आहे. फिकहमध्ये ही जबाबदारी ‘जमान’ या नावाने ओळखली जाते. नफा हे जबाबदारीचे फळ आहे. माल जळाला, भिजला, हरवला तर नुकसान सोसण्याची तयारी ज्याची, नफ्यावर हक्कही त्याचाच.

फकीहांमध्ये तपशिलाचा मतभेद आहे. इमाम शाफई (रह.) यांच्या मते कोणतीही वस्तू ताब्यात येण्यापूर्वी विकता येत नाही. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी जमीन-घरासारख्या स्थावर मालमत्तेला सवलत दिली आहे, कपडे, भांडी, मोबाइल अशा जंगम वस्तूंना नाही. इमाम मालिक (रह.) यांनी ताब्याची अट मुख्यतः अन्नधान्यापुरती मानली आहे. आपल्या राज्यात कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफई आणि घाटावरील बहुसंख्य हनफी आहेत. कपड्यांच्या बाबतीत या दोन्ही मसलकांचा निष्कर्ष एकच निघतो, हे ध्यानात घ्यावे.

या मनाईमागील शहाणपण त्या ईदच्या सकाळी दिसून आले. भगिनी खोटे बोलल्या नव्हत्या. परंतु ज्या पोशाखाचे त्यांनी पैसे घेतले, तो त्यांच्या मालकीचा नव्हता. आणि व्यापाऱ्याकडे तो शिल्लक आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी विकले ते दुसऱ्याच्या दुकानातील एक छायाचित्र. ज्या अनिश्चिततेपासून शरीअत आपल्याला रोखते, तिची किंमत एका लहान मुलीने मोजली.

एक सोपी कसोटी

ताबा म्हणजे वस्तू आपल्याच कपाटात असणे, असा संकुचित अर्थ नाही. आपल्या वतीने दुसऱ्या कोणी ती ताब्यात घेतली, तरी तो आपलाच ताबा ठरतो. म्हणून भिवंडीच्या गोदामात तुमच्यासाठी खरेदी झालेला, इतर मालापासून वेगळा काढलेला आणि तुमच्या प्रतिनिधीच्या हवाली केलेला गठ्ठा हा तुमचा माल होऊ शकतो. स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या क्षणी गोदामाला आग लागली, तर नुकसान कोणाचे? उत्तर ‘माझे’ असेल, तर माल तुमचा आहे आणि तो विकता येईल. उत्तर ‘व्यापाऱ्याचे’ असेल, तर तुम्ही अजून विक्रेते झालेला नाहीत.

चार वैध मार्ग

इस्लाम एक दार बंद करतो, तेव्हा दुसरी दारे दाखवितो. नवशिक्यासाठी ती चार आहेत.

पहिला मार्ग : आधी खरेदी, मग विक्री. थोडाच माल घ्यावा, तो ताब्यात घ्यावा, स्वतः पाहावा, स्वतः छायाचित्रे काढावीत आणि मग विक्रीला ठेवावा. भांडवल थोडे लागते, पण मन निश्चिंत राहते. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या बाजारपेठेवर विक्रेता म्हणून नोंदणी करणाऱ्यालाही हाच मार्ग सरळ पडतो.

दुसरा मार्ग : दलाली किंवा वकालत. आपण विक्रेते नसून व्यापाऱ्याचे प्रतिनिधी आहोत, हे आधीच ठरवून घ्यावे. माल त्याचा, जोखीम त्याची, विक्री त्याची. आपल्याला प्रत्येक नगामागे ठरलेला मेहनताना. भांडवल नसलेल्या गृहिणीसाठी हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. येथे एक बारकावा आहे. ‘मला अडीचशे द्या, वर जे मिळेल ते तुमचे’ असा करार चालेल का? ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी अशा व्यवहारात हरकत मानली नव्हती, असे सहीह बुखारीत नमूद आहे. परंतु अनेक फकीहांनी मेहनताना आधीच निश्चित असण्याची अट घातली आहे. म्हणून वाद टाळणारी रीत ही की, नगामागे ४० रुपये किंवा किमतीच्या दहा टक्के असे स्पष्ट ठरवावे आणि शक्य तर लिहून ठेवावे. त्याचप्रमाणे ग्राहकाचे प्रतिनिधी बनून, ‘मी तुमच्यासाठी आणून देईन, माझे इतके’ असेही ठरविता येते. मात्र मग खरेदीची खरी किंमत लपवून त्यावर आणखी रक्कम चढविणे ही अमानतीतील खयानत होईल.

तिसरा मार्ग : आधी वचन, नंतर विक्री. ग्राहकाची मागणी फक्त नोंदवून घ्यावी. ‘माल माझ्याकडे आल्यावर आपण सौदा करू’, असे सांगावे. माल घेऊन, तो ताब्यात आल्यावरच सौदा पक्का करावा. तोपर्यंत ग्राहकाला नकार देण्याची मोकळीक राहील. आगाऊ रक्कम घेतलीच, तर ती आपल्याकडे अमानत आहे. सौदा झाला नाही, तर ती पूर्ण परत केली पाहिजे.

चौथा मार्ग : सलम. प्रेषित (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील लोक एक-दोन वर्षे आधी पैसे देऊन फळांचा सौदा करीत असत. त्यांनी तो बंद केला नाही. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, अशी अट घातली. यात संपूर्ण किंमत आधीच दिली जाते आणि वस्तूचा प्रकार, दर्जा, संख्या, पोहोचविण्याची तारीख व जागा ठरलेली असते. म्हणून ‘माल मिळाल्यावर पैसे’ या रीतीच्या विक्रीला सलम म्हणता येणार नाही. मुदतीसंबंधी व इतर अटी मसलकानुसार वेगळ्या असल्यामुळे हा मार्ग आलिमांना विचारूनच अवलंबावा.

नफ्याचा खरा हिशेब

जाहिरातीत दाखविलेल्या कमाईवर विसंबून अनेक नवशिके फसतात. म्हणून उदाहरणादाखल काही आकडे मांडू. समजा, तुम्ही २० ओढण्या प्रत्येकी १८० रुपयांना घेतल्या. भांडवल गुंतले ३,६०० रुपये. विक्रीची किंमत २९९ ठेवली. बाजारपेठेचे कमिशन, पोहोच आणि वेष्टन मिळून नगामागे ७५ रुपये गेले. हाती राहिले ४४. वीसही विकल्या गेल्या तर ८८० रुपये. पण तीन परत आल्या आणि प्रत्येकीमागे परतीचा खर्च ६० रुपये पडला, तर सतरा नगांचे ७४८ रुपये वजा १८० म्हणजे ५६८ राहतात. परत आलेल्यांपैकी एक ओढणी डागाळून निकामी झाली, तर ३८८. उरलेल्या दोन ओढण्यांत ३६० रुपये अडकलेले आहेत ते वेगळेच.

हा हिशेब निराश करण्यासाठी नाही. ज्या वस्तूला परतीचे प्रमाण कमी, जी लवकर खराब होत नाही आणि जिची पारख तुम्हाला आहे, तिच्यापासून सुरुवात करावी, एवढाच त्याचा धडा आहे. भांडवलासाठी व्याजी कर्ज घेऊ नये. मोबाइलवर चटकन मिळणारे कर्ज आणि ‘आता घ्या, नंतर द्या’ अशा सोयींच्या अटी वाचल्या, तर बहुधा व्याज कोठेतरी दडलेले आढळते. दहा नगांनी सुरू झालेला हलाल व्यापार शंभर नगांच्या व्याजी व्यापारापेक्षा श्रेष्ठ आहे.

ओले धान्य वर ठेवा

प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले की, लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही? आणि फसविणारा आमच्यापैकी नव्हे, असे बजावले (सहीह मुस्लिम).

मोबाइलच्या पडद्यावर ग्राहकाला राशीत हात घालता येत नाही. म्हणून विक्रेत्याची जबाबदारी अधिक वाढते. रंग उजळविलेले छायाचित्र, दुसऱ्याच मालाचे छायाचित्र, नकली मालाला दिलेले ‘फर्स्ट कॉपी’ हे गोंडस नाव, वापरलेला मोबाइल नवा म्हणून विकणे, ही सर्व ओले धान्य खाली दडविण्याचीच रूपे आहेत. सोलापुरी चादर आणि पैठणी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; दुसरीकडे विणलेला माल त्या नावाने विकणे म्हणजे ग्राहकाबरोबरच विणकराचाही हक्क मारणे होय.

खरेदीचा हेतू नसताना केवळ दुसऱ्याला भुलविण्यासाठी बोली वाढविणे, ज्याला ‘नज्श’ म्हणतात, प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरविले. भाऊ-वहिनीकडून पाच तारे आणि खोटे अभिप्राय लिहवून घेणे ही त्याचीच आजची आवृत्ती आहे. शिवाय ती खोटी साक्षही आहे. देशाच्या २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनीही विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे.

परतीच्या बाबतीतही मन मोठे ठेवावे. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे हेच नियम सांगतात. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्याला ‘खियारे रूयत’ म्हणतात. याच्याही पुढे, माल निर्दोष असतानाही ग्राहकाला पस्तावा झाला म्हणून सौदा मागे घेणाऱ्याला, अल्लाह त्याच्या चुका क्षमा करील अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे.

कायदा, करार आणि अमानत

मुस्लिम आपल्या मान्य केलेल्या अटींना बांधील असतो. बाजारपेठेवर नोंदणी करताना ज्या अटी स्वीकारल्या, त्या पाळाव्यात. एखाद्या सवलतीत ‘एका व्यक्तीस दोनच नग, पुनर्विक्रीसाठी नाही’ अशी अट असेल, तर घरातील पाच जणांच्या नावाने दहा नग घेऊन विकणे हा चतुरपणा नव्हे, करारभंग आहे. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने वेष्टनातील माल विकणे कायद्याने गुन्हा आहे. घरगुती मसाले, लोणची विकायची असतील, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आवश्यक आहे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकण्यासाठी पूर्ण नोंदणीची सक्ती राहिलेली नाही. मात्र कर संकेतस्थळावर नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर विक्री करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

टंचाईच्या काळात गरजेच्या वस्तू दडवून ठेवणाऱ्याला हदीसमध्ये गुन्हेगार म्हटले आहे. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तूंत समाविष्ट करण्याची वेळ सरकारवर आली, ती अशाच साठेबाजीच्या भीतीने. त्या प्रसंगी मुस्लिम विक्रेत्याचा हात पुरवठा करणाराच असावा.

व्यवसाय वाढला, तर जकात विसरू नये. जकातीच्या दिवशी विक्रीसाठी असलेल्या मालाची त्या दिवसाच्या विक्रीदराने किंमत काढावी; त्यात रोख रक्कम आणि बाजारपेठेकडून येणे असलेले पैसे मिळवावेत, व्यापाऱ्याचे देणे वजा करावे. समजा माल २,४०,०००, रोख १,००,०००, येणे ४०,००० आणि देणे ६०,००० असेल, तर उरतात ३,२०,०००. निसाब, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीची किंमत, पूर्ण होऊन वर्ष उलटले असेल, तर अडीच टक्क्यांप्रमाणे ८,००० रुपये जकात होईल. शिलाई यंत्र, मोबाइल, वजनकाटा अशा वापरातील साधनांवर जकात नाही.

त्या भगिनीस

प्रिय भगिनी, आपल्या घरासाठी आपण उचललेले पाऊल आदरास पात्र आहे. चूक झाली ती न कळत झाली आणि ती कळताच आपण विचारणा केली, हेच ईमानाचे लक्षण आहे. प्रथम शेजारणीकडे स्वतः जा. पोशाख परत घेऊन पूर्ण १,३५० रुपये तिच्या हाती द्या. व्यापारी ते परत देवो वा न देवो. तिने विश्वास आपल्यावर ठेवला होता. मागील सौद्यांविषयी आपल्या भागातील मुफ्तींना सर्व तपशील सांगून मार्गदर्शन घ्या आणि अल्लाहजवळ क्षमा मागा. व्यवसाय मात्र बंद करू नका. व्यापाऱ्याशी आजच ठरवा की, आपण त्याच्या प्रतिनिधी आहात आणि नगामागे आपला मेहनताना अमुक आहे. ग्राहकांनाही तसे सांगा. हळूहळू पाच-दहा नगांचे भांडवल जमले की माल स्वतः घेऊन, हात लावून, पारखून विका. कमाई कदाचित प्रारंभी घटेल. परंतु प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की, दोन्ही पक्ष खरे बोलले आणि दोष उघड केले तर सौद्यात बरकत येते, लपविले आणि खोटे बोलले तर ती पुसली जाते.

घरच्या बैठकीसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणी ऑनलाइन विक्री करीत असेल, तर विक्रीच्या क्षणी माल कोणाच्या जोखमीवर असतो?
२. विक्रेता आणि दलाल यांच्या नफ्यात शरीअतने कोणता भेद केला आहे?
३. आपल्या मालाचे ‘ओले धान्य’ कोणते? ते ग्राहकाला आधी दिसते का?
४. अजान झाल्यावर वेष्टनाचे काम थांबते का?

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल उपजीविका, प्रामाणिक व्यवहार आणि थोड्यातही बरकत प्रदान करो. आमीन.